हात न लावणारा मदतनीस

पक्षाघाताचा झटका क्षणात येतो; त्यातून सावरण्याचे काम मात्र महिनोन्महिने चालते. रुग्णालयातील धावपळ, डॉक्टरांची ये-जा, नातलगांची गर्दी, हे सारे पहिल्या पंधरवड्याचे दृश्य होय. पुढे रुग्ण घरी येतो, समाचाराला येणाऱ्यांची संख्या रोडावत जाते, आणि एके दिवशी सकाळी तो व त्याचा न उचलला जाणारा हात असे दोघेच खोलीत उरतात. फिजिओथेरपिस्टने बजावून ठेवलेले असते की, हा हात रोज उचलावयाचा, मूठ उघडावयाची व मिटावयाची, पेला धरावयाचा व सोडावयाचा. आणि हे एकदा नव्हे, दहादा नव्हे, शेकडो वेळा करावयाचे. औषधाची गोळी एकदा घशाखाली उतरली की पुढचे काम ती आपले आपण करते. व्यायामाचे तसे नाही. तो रुग्णालाच करावा लागतो, आणि ज्या अवयवाने करावयाचा तोच नेमका हुकूम मानीत नसतो. अशा वेळी शेजारी बसून 'आणखी एकदा' म्हणणारे कोणी असले, तर हात पुन्हा हलतो. तसे कोणी नसले, तर तो मांडीवर पडून राहतो, आणि पडून राहण्याची त्याला सवय लागते.

हे 'आणखी एकदा' म्हणण्याचे काम यंत्राकडे सोपविता येईल काय? हा प्रश्न शास्त्रज्ञांनी हाती घेतला तो एकविसाव्या शतकाच्या आरंभी. परंतु त्याची मुळे बरीच मागे जातात.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग ह्या गृहस्थाने शास्त्रशुद्ध व्यायामाचा एक संप्रदायच सुरू केला, आणि १८१३ साली स्टॉकहोम येथे त्याच्या पुढाकाराने व्यायामशिक्षणाची सरकारी संस्था स्थापन झाली. लिंगच्या पद्धतीत रुग्णाजवळ एक साहाय्यक असे. रुग्णाचा हात किंवा पाय तो आपल्या हाताने फिरवी, त्याला आधार देई, तर कधी मुद्दाम विरोध करून त्याचे बळ वाढवी. पद्धत चांगली, पण एका रुग्णामागे एक माणूस गुंतलेला. शिवाय माणसाचा हात थकतो, आणि त्याने किती जोर लावला हे मोजता येत नाही. ह्या अडचणीवर स्टॉकहोममधीलच डॉ. गुस्ताव्ह झांडर यांनी तोड काढली. १८६५ साली त्यांनी आपली व्यायामोपचाराची संस्था उघडली व तीत साहाय्यकाच्या जागी तरफा, वजने आणि चाके यांची यंत्रे उभी केली. काही यंत्रे रुग्णाच्या जोराने चालत, तर काही वाफेच्या शक्तीने चालून रुग्णाचे अवयव हलवीत. १८७६ साली फिलाडेल्फिया येथील जागतिक प्रदर्शनात ह्या यंत्रांची वाहवा झाली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत झांडर पद्धतीच्या शंभराहून अधिक संस्था देशोदेशी निघाल्या.

झांडर यांचा हिशेब चोख होता. तरी त्यातून एक रक्कम गळाली होती. लिंगचा साहाय्यक केवळ हात देत नसे. तो बोलतही असे. काल दहा वेळा झाले, आज बारा वेळा करू, असे म्हणणारे तोंड त्या साहाय्यकाबरोबरच खोलीतून बाहेर गेले. यंत्राने स्नायूंची गरज ओळखली. उमेदीची गरज त्याच्या ध्यानीमनीही नव्हती. ही गळालेली रक्कम पुन्हा जमेस धरावयास पुढे जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

मध्यंतरी 'रोबो' हा शब्द जन्मास आला, आणि तो आला रंगभूमीवरून. चेक नाटककार कारेल चापेक यांचे 'आर. यू. आर.' हे नाटक २५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगभूमीवर आले. कारखान्यात बनविलेल्या कृत्रिम माणसांना काय नाव द्यावे, अशा विवंचनेत चापेक असता त्यांचे बंधू योसेफ यांनी हा शब्द सुचविला. चेक भाषेतील 'रोबोता' म्हणजे कुळांकडून सक्तीने करवून घेतलेली मजुरी, आपल्याकडील 'वेठ' तीच. म्हणजे रोबो हा मूळचा वेठबिगारच. त्या नाटकातील वेठबिगार अखेरीस धन्यावर उलटतात आणि मानवजातीचा संहार करतात. हे भय त्या शब्दाला जे चिकटले ते आजतागायत पुरते सुटलेले नाही. आजाऱ्याच्या उशाशी रोबो बसविण्याची गोष्ट निघाली की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्याला हे जन्मकालचे ग्रहही थोडेफार कारण आहेत.

शब्दाचा जन्म असा भयात झाला, तरी यंत्राचा स्वभाव पुढे निराळाच निघाला. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे मेंदूच्या विद्युत्‌व्यापारांचा अभ्यास करणारे ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ च्या सुमारास 'एल्मर' व 'एल्सी' नावांची दोन यांत्रिक कासवे तयार केली. तीन चाके, प्रकाश ओळखणारा एक डोळा आणि धक्का लागताच जाणणारे कवच, एवढाच त्यांचा संसार. तथापि उजेडाच्या दिशेने सरकणारी, अडथळा आला की वळसा घालणारी आणि बॅटरी उतरू लागली की आपल्या घरकुलाकडे परतणारी ती कासवे पाहताना बघणाऱ्यांना ती जिवंत भासत. त्यांच्याविषयी बोलताना 'तिला भूक लागली', 'तो घाबरला' अशी भाषा सहज तोंडी येई. स्वतःहून हालचाल करणाऱ्या वस्तूच्या ठायी मन कल्पिल्यावाचून मनुष्याला राहवत नाही, ही गोष्ट त्या कासवांनी दाखवून दिली. पुढील साऱ्या इतिहासाची किल्ली ह्या गोष्टीत आहे.

तोपर्यंत कारखान्यांनी मात्र रोबोला त्याच्या नावाप्रमाणेच राबविले. १९६१ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात जनरल मोटर्सच्या कारखान्यात 'युनिमेट' नावाचा यांत्रिक बाहू साच्यातून निघालेले तप्त धातूचे भाग उचलू लागला. जॉर्ज डेव्हॉल ह्याचे जनक, आणि जोसेफ एंगलबर्गर ह्याचे प्रवर्तक. ह्याच एंगलबर्गर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'हेल्पमेट' नावाचा रोबो रुग्णालयात आणला. परंतु त्याचे काम जेवणाची ताटे, औषधे आणि कागदपत्रे ह्या मजल्यावरून त्या मजल्यावर पोहोचविण्याचे होते. रोबोने रुग्णालयाच्या दारातून प्रवेश केला खरा, पण रुग्णाच्या खाटेशी तो अजून थांबला नव्हता.

खाटेशी थांबणारा पहिला महत्त्वाचा रोबो मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्यापीठात, एमआयटीमध्ये, घडला. नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी १९८९ पासून 'एमआयटी-मॅनस' हे यंत्र विकसित केले. रुग्ण त्याची मूठ धरतो व समोरच्या पडद्यावरील खुणेकडे हात नेण्याचा प्रयत्न करतो. हात अडला तर यंत्र त्याला अलगद पुढे नेते. हात चालू लागला की आपला जोर काढून घेते. झांडर यांच्या तरफांना जणू शहाणपण आले. पण ह्या शहाणपणाची कसोटी लागली तेव्हा निकाल विचार करावयास लावणारा निघाला. पक्षाघातातून बचावलेल्या १२७ माजी अमेरिकी सैनिकांवर झालेल्या चाचणीचा वृत्तांत २०१० साली प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांअखेर नेहमीच्या उपचारांच्या मानाने यंत्राचा लाभ ठळकपणे दिसला नाही. छत्तीस आठवड्यांनंतर थोडी सरशी दिसली. आणि माणसाने तितक्याच नेटाने करवून घेतलेल्या व्यायामापेक्षा यंत्राचा व्यायाम सरस ठरला नाही. तात्पर्य, हात कोण हलवितो ह्यापेक्षा तो किती वेळा व किती नेटाने हलतो ह्याला महत्त्व अधिक.

आणि नेमके येथेच उपचाराचे घोडे अडते. अमेरिका व कॅनडामधील पुनर्वसन केंद्रांत प्रत्यक्ष बसून केलेल्या मोजणीचा एक निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. उपचाराच्या एका बैठकीत बाधित हाताने केलेल्या कामाच्या हालचाली सरासरी अवघ्या ३२ भरल्या. प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या मेंदूत बदल घडवून आणण्यास मात्र शेकडो आवृत्ती लागत असल्याचे आढळून आले होते. उपचारकाचा वेळ मोजका, रुग्णांची रांग मोठी. २०१९ सालच्या जागतिक गणनेनुसार त्या एका वर्षात पक्षाघाताचे नवे झटके १ कोटी २२ लाखांच्या घरात होते. एवढ्या माणसांच्या शेजारी बसून आवृत्त्या मोजणारी माणसे आणावयाची कोठून?

दुसरी एक गाठ मनोव्यापाराची होती, व ती एडवर्ड टाउब ह्या मानसशास्त्रज्ञांनी उलगडली. ज्या माकडांच्या एका हाताची संवेदना नाहीशी केली होती ती तो हात वापरीनाशी होत. परंतु त्यांचा चांगला हात बांधून ठेवला की तोच 'निकामी' हात कामास लागे. म्हणजे हातात शक्ती अगदीच नव्हती असे नाही. प्रयत्न फसत गेल्यामुळे न वापरण्याची सवय जडली होती. टाउब यांच्या ह्या प्राणिप्रयोगांवरून १९८१ साली अमेरिकेत मोठे वादळ उठले, आणि ते अकारण उठले असेही म्हणता येणार नाही. पण त्यातून निघालेल्या उपचाराने माणसांचे कल्याण केले. चांगला हात जाड मोज्यात अडकवून दिवसाचा बहुतेक वेळ दुबळ्या हाताकडूनच काम करवून घ्यावयाचे, असा तो दोन आठवड्यांचा कठोर नेम. २२२ रुग्णांवर सात संस्थांनी केलेल्या चाचणीत त्याचा लाभ सिद्ध झाल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. त्या चाचणीच्या संशोधकांपैकी एक होत्या लॉस एंजेलिस येथील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील कॅरोली विन्स्टाइन. पक्षाघाताच्या रुग्णाचा खरा शत्रू केवळ दुबळा स्नायू नव्हे, तर 'जमत नाही, राहू दे' हा मनाशी झालेला तह आहे, हे त्या जवळून पाहत होत्या.

त्याच विद्यापीठात माया मातारिच ह्या विदुषी रोबोशास्त्र शिकवीत होत्या. बेलग्रेड येथे १९६५ साली जन्मलेल्या मातारिच यांनी एमआयटीमध्ये रॉडनी ब्रुक्स यांच्या हाताखाली शिक्षण घेतले, व १९९४ साली डॉक्टरेट मिळविली. रोबोंच्या थव्याने एकमेकांशी जुळवून कसे वागावे, हा त्यांच्या अभ्यासाचा पहिला विषय. विद्वत्तेच्या वर्तुळात त्याचा मान मोठा होता. परंतु घरी मूल आल्यावर, आपण करतो त्या कामाचा लोकांना उपयोग काय, हा प्रश्न आपल्याला पडला, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. यंत्रमानवाने माणसाला मदत करावी, पण ती ओझी उचलून नव्हे, तर उभारी देऊन, असा विचार त्यांच्या मनात रुजला. २००५ साली शिकागो येथे भरलेल्या पुनर्वसन-रोबोशास्त्राच्या परिषदेत त्यांनी व त्यांचे शिष्य डेव्हिड फाइल-सीफर यांनी ह्या नव्या शाखेची व्याख्या मांडली. रुग्णाच्या शरीराला स्पर्श न करता, केवळ सहवासाच्या व संभाषणाच्या द्वारे साहाय्य करणाऱ्या यंत्रांची ही शाखा. तिला 'सामाजिक साहाय्यक रोबोशास्त्र' असे नाव मिळाले.

त्याच परिषदेत योन एरिकसन, मातारिच व विन्स्टाइन यांनी आपला पहिला प्रयोगही सादर केला. आज पाहू जाता त्याचा थाट अगदी साधा होता. चाकांवर चालणारा एक बुटका रोबो. त्याला चेहरा नाही, हात नाहीत. वर एक कॅमेरा आणि आवाजासाठी ध्वनिक्षेपक. रुग्णाच्या दुबळ्या हाताला एक छोटे मापक बांधलेले. ते हात हलला की नाही एवढे रोबोला कळवी. रुग्णाने फडताळात मासिके व पुस्तके लावावयाची. हात चालू असला की रोबोने शाबासकी द्यावयाची. हात थांबला की आठवण करावयाची. पक्षाघातातून बचावलेल्या सहा जणांवर हा प्रयोग झाला. रोबोच्या तोंडी कधी नुसते टिकटिक असे ध्वनी होते, कधी यंत्राने घडविलेला आवाज, तर कधी खऱ्या माणसाचा मुद्रित केलेला आवाज. रुग्णांनी पसंती दिली ती माणसाच्या आवाजाला. यंत्राचे अंग यंत्राचेच असले तरी चालेल, पण स्वर मात्र माणसाचा हवा, असा जणू त्यांचा कौल पडला.

स्पर्श टाळण्यात व्यवहाराचे धोरणही होते. रुग्णाचा हात धरणारे यंत्र चुकले तर इजा होण्याचा संभव. म्हणून ते अवजड, महाग व सदैव देखरेखीखाली ठेवावे लागणारे. हात न लावणारा रोबो चुकला तर फार तर भलत्या वेळी शाबासकी देईल. पण त्याहून मोठे कारण तत्त्वाचे होते. हालचाल रुग्णाने स्वतः ठरवून, स्वतःच्या बळावर केली तरच मेंदू नवे वळण शिकतो. त्याच्यासाठी हात उचलून देणे म्हणजे लहान मुलाचा धडा आपणच लिहून देण्यासारखे आहे. चांगला गुरू पाटीला हात लावीत नाही. तो फक्त शेजारी बसतो.

परंतु सर्व शिष्यांना एकच गुरू मानवत नाही. कोणाला गोंजारून सांगावे लागते, कोणाला डिवचल्याखेरीज जाग येत नाही. पुढच्या काही वर्षांत आद्रियाना तापुस यांनी मातारिच यांच्यासमवेत हाच विषय हाती घेतला. त्यांचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. आधी प्रश्नावलीवरून मनुष्य अंतर्मुख आहे की बहिर्मुख, हे ठरवावयाचे. मग अंतर्मुख माणसाशी रोबोने दुरून, हळू व मवाळ स्वरात बोलावयाचे; बहिर्मुख माणसाच्या जवळ जाऊन, जलद व चढ्या स्वरात त्याला आव्हान द्यावयाचे. स्वभावाशी जुळणारा रोबो माणसांना अधिक रुचतो, असे दिसून आले. सासरी-माहेरी, शाळेत, तालमीत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले हे शहाणपण. पण ते मोजून, पारखून यंत्राच्या आज्ञावलीत घालावयाचे म्हणजे त्याचा पदर-न्‌-पदर सुटा करावा लागला. किती अंतरावर उभे राहावे, किती वेळाने बोलावे, तेच वाक्य पुन्हा म्हटले तर कंटाळा कधी येतो, ह्या साऱ्याचे उत्तर आकड्यांत द्यावे लागले.

ह्याच प्रयोगशाळेत पुढे 'बँडिट' नावाचा रोबो आला. चाकांच्या बैठकीवर कमरेपर्यंतचे माणसासारखे धड, दोन हात, हलणाऱ्या भुवया व ओठ. हुआन फासोला यांनी मातारिच यांच्या मार्गदर्शनाखाली त्याला वृद्धांचा व्यायामशिक्षक बनविले, आणि ह्या कामाचा वृत्तांत २०१३ साली प्रसिद्ध झाला. वृद्ध खुर्चीवर बसत. बँडिट समोर हात वर करी, आडवे करी, आणि त्यांनी तसेच करावयाचे. त्यात एक खेळ उलटा होता. वृद्धाने हात हलवावेत व बँडिटने त्यांची नक्कल करावी. ज्यांना दिवसभर दुसऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे वागावे लागते त्यांना क्षणभर का होईना हुकूम सोडावयास मिळाला! रोबो त्यांना नावाने हाक मारी, शाबासकीचे शब्द पालटी, थोडा विनोद करी. तोच व्यायाम तोच बँडिट पडद्यावरील चित्राच्या रूपाने सांगू लागला, तेव्हा वृद्धांना तो तितकासा भावला नाही. समोर जागा अडवून प्रत्यक्ष बसलेल्या देहाची मातब्बरी निराळी, असा ह्या तुलनेचा निष्कर्ष होता.

असाच निष्कर्ष दुसऱ्या एका दिशेने आला होता. एमआयटीमध्ये सिंथिया ब्रेझील यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'किस्मेत' नावाचे, भाव प्रकट करणारे यांत्रिक मस्तक तयार केले होते. त्यांचे शिष्य कोरी किड यांनी वजन उतरविण्याचे पथ्य पाळणाऱ्या ४५ माणसांचे तीन गट केले. एका गटाला नोंदीसाठी कागदाची वही दिली, दुसऱ्याला संगणक, आणि तिसऱ्याला डोळे फिरवून बोलणारा एक छोटा रोबो. सहा आठवड्यांपर्यंत चाललेल्या ह्या प्रयोगात रोबो असलेल्या गटाने इतरांच्या जवळजवळ दुप्पट काळ नोंदी ठेवल्या. कित्येकांनी आपल्या रोबोला लाडाचे नावही ठेवले. ग्रे वॉल्टर यांच्या कासवांनी दाखविलेला मनुष्यस्वभाव येथे औषधासारखा कामी आला.

पुढील दशकात ही विद्या देशोदेशी पोहोचली. फ्रान्समध्ये तयार झालेला, दोन फुटांहूनही कमी उंचीचा 'नाओ' हा रोबो पुष्कळ ठिकाणी उपयोगात आला. स्पेनमधील सेव्हिल येथील रुग्णालयात मेंदूच्या पक्षाघाताने व जन्मसमयी खांद्याच्या मज्जातंतूंना झालेल्या इजेने अधू झालेल्या बालकांना त्याने खेळातून व्यायाम दिला. कोलंबियातील बोगोटा येथे हृदयविकारातून उठलेले रुग्ण फिरत्या पट्ट्यावर चालत असता नाओ त्यांच्या नाडीकडे लक्ष ठेवी, श्रम किती वाटतात हे विचारी, मान खाली गेली तर ताठ चालण्याची आठवण करी, आणि काही बिघाड दिसला तर परिचारकांना बोलावी. अठरा आठवड्यांचा संपूर्ण उपचारक्रम त्याच्या सोबतीने पार पडला. इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी 'पेपर' नावाच्या मोठ्या रोबोकडून पक्षाघाताच्या रुग्णांना फडताळावर रंगीत पेले मांडण्यासारखी घरगुती कामे करविली. हात उचलण्याचा व्यायाम कंटाळवाणा. पण पेले जागच्या जागी लावण्याला अर्थ असतो, आणि अर्थ असला की हात अधिक वेळ चालतो.

येथपर्यंतची हकीकत उत्साहवर्धक आहे; परंतु नाण्याची दुसरी बाजू दाखविल्याखेरीज ती खरी ठरणार नाही. ह्यांतील बहुतेक प्रयोग थोड्या माणसांवर व थोड्या दिवसांत झाले. नव्या पाहुण्याचे कौतुक चार दिवस. ते ओसरल्यावर रुग्ण रोबोचे ऐकत राहतो की नाही, ह्याची पारख करण्यास वर्षे लागतात. रुग्णाला रोबो आवडला, एवढ्याने त्याचा हात सुधारला असे होत नाही. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे सिद्ध कराव्या लागतात, आणि पहिल्या गोष्टीचा पुरावा दुसरीपेक्षा पुष्कळच अधिक साठला आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. १९६६ साली एमआयटीतील योसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाची संगणकाची आज्ञावली प्रसिद्ध केली. समोरच्याने लिहिलेले वाक्यच थोडे फिरवून प्रश्नाच्या रूपाने परत करावयाचे, एवढीच तिची करामत. तरीसुद्धा वायझेनबाउम यांची स्वतःची चिटणीस तिच्याशी मनीचे बोलू लागली, आणि मला एकटीला सोडा, अशी विनंती तिने त्यांना केली. ह्या अनुभवाने ते हादरले. संगणकाला जी कामे साधतात ती सर्वच त्याला द्यावीत असे नाही, आणि जेथे आस्था हाच कामाचा प्राण आहे तेथे आस्थेचे सोंग चालावयाचे नाही, असे त्यांनी १९७६ सालच्या आपल्या ग्रंथात निक्षून सांगितले. रोबो 'शाबास' म्हणतो तेव्हा त्याला काहीच वाटत नसते. ज्याला ती शाबासकी मिळते त्याला मात्र काही वाटते. ही फसवणूक म्हणावी काय? मातारिच यांच्या पंथाचे उत्तर असे की, रोबोने आपण यंत्र आहो हे कधी लपवू नये, आणि त्याने माणसाची जागा न घेता, माणूस नसतो त्या वेळेची पोकळी भरावी. उत्तर प्रामाणिक आहे. पण पोकळी भरण्याची सोय झाली की ती पोकळी कायम ठेवण्याचा मोहही होतो, हे कोणत्याही रुग्णालयाच्या जमाखर्चाकडे पाहिले असता कळण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट ह्या सोबत्यांच्या आयुर्मर्यादेची. ब्रेझील यांनीच पुढे 'जिबो' नावाचा घरगुती रोबो बाजारात आणला. तो २०१७ साली घरोघर पोहोचला, कंपनीचा व्यवसाय मात्र बसला, आणि २०१९ साली, ज्या दूरच्या संगणकांच्या आधारे आपण बोलतो ते आता बंद होणार असल्याची वार्ता जिबोनेच आपल्या घरच्यांना सांगून त्यांचा निरोप घेतला. कित्येकांना ते ऐकून खरोखर वाईट वाटले. पेपरचे उत्पादनही काही वर्षांतच थांबले. मनुष्य आजारी पडला तर बदली येतो. यंत्राचा कारखाना बुडाला तर एकाच दिवशी हजारो घरांतील सोबती मुके होतात. जो रुग्ण त्याच्याच आवाजावर हात उचलावयास शिकला, त्याचे काय?

ह्या प्रश्नांची उत्तरे आज कोणापाशी तयार नाहीत. पण ह्या इतिहासाने एक गोष्ट निःसंशय पदरात टाकली आहे, आणि ती यंत्राविषयीची नसून माणसाविषयीची आहे. शेजारी बसून 'आणखी एकदा' म्हणणे हे काम आजवर कोणत्याही हिशेबात धरले जात नव्हते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते नसे, रुग्णालयाच्या बिलात नसे. ते घरातील कोणी पत्नी, कोणी सून, कोणी मुलगा निमूटपणे करी. स्वयंपाक अर्धवट टाकून येऊन बसावयाचे, पेला पुढे सरकवावयाचा, सांडलेले पाणी पुसावयाचे आणि पुन्हा पेला भरावयाचा. ह्या बसण्याला कोणी उपचार म्हणत नसे. झांडर यांनी यंत्रे उभारली तेव्हा तर ते बसणे अनावश्यक म्हणून गाळलेच गेले होते. त्याची नक्कल यंत्राकडून करवून घेण्याचा प्रसंग आला तेव्हाच शास्त्रज्ञांना त्याचे घटक मोजावे लागले: माणसाचा स्वर, योग्य अंतर, स्वभावाची पारख, शब्दांतील पालट, आणि समोर देहाने हजर असणे. मोजल्यावर कळले की, तो उपचाराचा अलंकार नव्हे, अंग आहे.

चापेकचा वेठबिगार शंभर वर्षांच्या प्रवासानंतर आजाऱ्याच्या खोलीत येऊन बसला आहे. तो धन्याचा संहार करावयास आलेला नाही. धन्याने मूठ उघडावी म्हणून तो वाट पाहत आहे. घरची माणसे कामावर गेली असता दुपारच्या दोन तासांत त्याने पन्नास आवृत्त्या अधिक करवून घेतल्या, तर त्याचे उपकारच मानले पाहिजेत. पण संध्याकाळी घरी परतलेल्या मुलाने रोबोकडून आकडा तेवढा विचारून घेतला आणि वडिलांजवळची खुर्ची रिकामीच ठेवली, तर त्या आकड्याचा हिशेब पुन्हा झांडर यांच्याच वहीत जाऊन पडेल. ती खुर्ची किती वेळ रिकामी राहावी, हे ठरविणे अजून माणसाच्याच हाती आहे.